नको ते खोडावे

प्रिय ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी ईरानं फोनच्या पडद्यावर मला शाळेचा एक कागद दाखवला. महायुद्धाच्या काळात तुमच्या तिकडच्या देशाचा कारभार हाकणाऱ्या पंतप्रधानावर धडा झाला होता. कागदावर डावीकडे त्याच्या थोरवीचा रकाना, उजवीकडे दोषांचा. दोषांत आपल्याकडच्या बंगालच्या दुष्काळाला दीड ओळ. आणि सगळ्यात खाली एक चौकोन: हा माणूस चांगला होता का? हो / नाही.

"आजी, शुक्रवारी द्यायचंय. पटकन सांग, हो का नाही?"

"थांब जरा," मी म्हटलं.

"यात थांबण्यासारखं काय आहे?"

मागून निहार म्हणाला, "आजी कुकरच्या शिट्टीलासुद्धा थांब म्हणते."

शुक्रवार होऊन गेला. ईरानं काय लिहिलं ते मी विचारलेलं नाही. पण तो चौकोन मी पाहताक्षणी ओळखला. तसाच एक चौकोन बऱ्याच वर्षांपूर्वी इथं माझ्या टेबलावर आला होता, टाइप केलेला, सरकारी शिक्क्याचा. तुमचा बाबा तेव्हा पाळण्यात होता. चौकोनातला माणूस चांगला की वाईट हे ठरता ठरता दोन पावसाळे गेले, आणि त्या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती मी घरात कुणालाच सांगितलेली नाही. इतक्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीतले अनुभव लिहून मागितले. तेव्हा एकच लेख दोन ठिकाणी पाठवते आहे. मूळ प्रत संपादकांना, दुसरी तुम्हाला. बाबानं वाचून दाखवावी, आणि मध्ये मध्ये "थोडक्यात म्हणजे" असं म्हणू नये.

पाकिटावर पत्ता घालताना छत्रपती संभाजीनगर लिहा. गोष्टीत मात्र मी औरंगाबाद लिहिणार, कारण तेव्हाच्या कागदांवर तेच आहे.

मी मुतर्जिम होते. मुतर्जिम म्हणजे भाषांतरकार. आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी लिखापढी सगळी उर्दूत चाले. पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारत सरकारनं फौज पाठवून संस्थान ताब्यात घेतलं, आणि पुढे हळूहळू कचेऱ्या मराठीत आल्या. माणसं मराठीत आली, कागद उर्दूतच राहिले. खोल्याच्या खोल्या भरून. कुणाची विहीर कुणाच्या बांधात आहे, कुणाला कुणी दत्तक घेतलं, हे सगळं त्या कागदांत अडकलेलं. शाळा माझी उर्दूतून झाली होती, कॉलेज इंग्रजीतून आणि भांडणं मराठीतून, म्हणून मला ही नोकरी मिळाली. खेड्यातल्या लोकांना मुतर्जिम हा शब्द पेलत नसे. ते मला मंतरजीबाई म्हणत. काहीजण खरोखरच ताईत मागत.

जुने कारकून घाईत जे अक्षर काढत त्याला शिकस्ता म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडकं. उर्दूत एकाच वळणाच्या खाली एक टिंब दिलं तर ब होतो, वर दोन दिली तर त, वर एक दिलं तर न. या टिंबाला नुक्ता म्हणायचं. घाईतला कारकून नुक्ते द्यायचेच विसरतो, किंवा ओळ संपल्यावर सगळे एकदम शिंपडतो, फोडणीत मोहरी टाकावी तसे. ते जिथले तिथं नेऊन बसवणं हा आमचा धंदा.

आमचे वरिष्ठ सिद्दीकीसाहेब या धंद्यातले उस्ताद होते. डोळ्याला भिंग लावून कागद उन्हात धरत आणि म्हणत, "बीबी, कारकून का मिजाज पढो, हर्फ बाद में पढना." हर्फ म्हणजे अक्षर. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. जो शब्द लोकांच्या रोजच्या तोंडात आहे त्याला हात लावू नका. वकील, जमीन, हुकूम यांचं भाषांतर करत बसाल तर कुणाला काही कळणार नाही. मी तो नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली रेघ मारली. त्या रेघेचं पुढे काय झालं ते येईलच.

गिऱ्हाइकं एकेक असत. फर्दापूरकडचे एक गृहस्थ काचेत मढवलेला कागद गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. पणजोबांना निजाम सरकारनं दिलेली सनद म्हणून तो घरी देवघराशेजारी टांगलेला, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. त्यांना मराठी तरजुमा, म्हणजे भाषांतर, हवा होता, तोही मढवायला. मी वाचला. "तुमचा बैल तिसऱ्यांदा डाकबंगल्याच्या बागेत शिरला व पाहुण्यांसाठी लावलेला कोबी खाऊन गेला. यापुढे बैल व मालक यांना एकाच खुंट्याला बांधण्यात येईल."

गृहस्थांनी काचेवरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाले, "बाई, बैलाचं नाव दिलंय का?"

"नाही."

"आन् आमच्या पंजाचं?"

"पूर्ण आहे. वडिलांच्या नावासकट."

"मग मारा शिक्का," ते म्हणाले. दोन्ही कागद शेजारी शेजारी टांगले आहेत असं नंतर कळलं.

आता तो चौकोन. देवगाव रंगारीच्या बाजूला अण्णासाहेब नावाचे एक पुढारी होते. महायुद्ध सुरू असताना सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीनं धान्य उचलत असे, तिला लेव्ही म्हणत. त्या काळात अण्णासाहेब तालुक्याचे पुढारी झाले आणि पोलीस ॲक्शनपर्यंतच्या धामधुमीत तेच टिकले. बाकीचे पुढारी संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेले होते, काही तुरुंगात होते. हे गावातच राहिले, निजामाच्या लोकांशी आणि त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांशी, दोन्हीकडच्यांशी बोलत राहिले, आणि त्यामुळे दोन्हीकडच्यांना त्यांचा संशय. ते वारले तेव्हा गावात मुलींची शाळा नवीनच झाली होती. तिला त्यांचं नाव द्यावं असा अर्ज त्यांच्या मुलानं, दादारावांनी केला. नाव देऊ नये असा अर्ज गावातल्या उरलेल्या लोकांनी केला. मग समिती नेमली गेली.

समितीचे अध्यक्ष पुण्याकडचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांचं एकच पालुपद: "भावना नकोत, कागद दाखवा." त्यांच्यापुढे जो तक्ता होता त्यात शेवटचा चौकोन असा होता: युद्धकाळातील वर्तन: निष्कलंक / कलंकित (नको ते खोडावे).

मला तो तक्ता फार आवडला होता. मला सरळ रेघांची आवड आहे हे तुम्हाला माझ्या मसाल्याच्या डब्यांवरून माहीत आहेच.

पहिल्याच बैठकीत एक म्हातारेबुवा साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी हात जोडून विचारलं, "सायेब, तुमाला अण्णा कोनता पायजे?"

"म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"चांगला का वाईट? म्या दोन्ही बगितलेत. एका दिसात व्हतील असं नाय."

"तुम्हाला जे खरं वाटतं ते सांगा."

"मंग लई टाइम लागंल," बुवा म्हणाले आणि खाली बसले. त्यांना परत उठवलं नाही. नंतर वाटलं, साक्ष तिथंच पुरी झाली होती. आम्ही उगीच पुढे गेलो.

विरोधकांनी एक उर्दू पत्र हजर केलं. अण्णासाहेबांनी तहसीलदाराला लिहिलेलं, खाली त्यांची सही. मी ते तिथंच उभ्या उभ्या मराठीत वाचलं: "मौजे मजकूर येथील रझाकारांस चाळीस पोती ज्वारी मी आपल्या खुशीने दिली."

विरोधकांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

रझाकार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. निजामाचं राज्य टिकवायला जी हत्यारबंद संघटना उभी राहिली तिचे लोक. गावंच्या गावं त्यांच्या दहशतीखाली होती. मी शाळेत होते, आम्ही मुली खिडकीला कांबळं लावून अभ्यास करत असू. पोलीस ॲक्शन झाली आणि लाट उलटी फिरली. ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं अशा मुसलमान घरांवरही सूड निघाला. ही दोन्ही वाक्यं बाबानं एका दमात वाचावीत. आपल्याकडे बहुतेक जण एक वाचून थांबतात.

तर रझाकारांना चाळीस पोती. पुढच्या आठवड्यात मी कामासाठी त्या गावी गेले तेव्हा शाळेचा रंगवून ठेवलेला फलक भिंतीकडे तोंड करून उभा होता. कुणीतरी त्यावर ओले टॉवेल वाळत घातले होते. दादाराव एस.टी.च्या थांब्यावर भेटले. एरवी मोठ्या आवाजाचा माणूस. म्हणाले, "बाई, पोरगी शाळेत जायला नाय म्हनती."

पंधरा दिवसांनी सिद्दीकीसाहेबांनी माझ्या तरजुम्याची कार्बन प्रत सहज हातात घेतली. एका शब्दावर बोट ठेवलं. "बीबी, या लफ्जाचा तरजुमा कुठंय?"

"साहेब, तुमचाच नियम. हा शब्द सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"मतलब सांगा."

"रझा म्हणजे मर्जी. रझाकार म्हणजे आपल्या मर्जीनं, मोबदला न घेता काम करणारा..." आणि मी थांबले.

रझाकार म्हणजे स्वयंसेवक. साधा, शब्दकोशातला अर्थ. त्या संघटनेनं तो उचलण्याआधी तो कुणाचाही होता. मी धावत जाऊन मूळ पत्र काढलं. त्यावर फसली सनाचं साल होतं. तेव्हा सरकारी कागदांवर फसली हे वेगळं पंचांग चाले. मी साल उतरवलं होतं, पण इंग्रजी सालाशी ताडून पाहिलं नव्हतं, कारण ताळा करायचं काम मी नेहमी शनिवारी करत असे आणि तो बुधवार होता. पत्र महायुद्धाच्या काळातलं निघालं. त्या संघटनेचा माणूस त्या तालुक्यात दिसला त्याच्या बरंच आधीचं. महिना होता तीर, म्हणजे आपला मे. सोबतची पुरवणी मी पाहिलीच नव्हती. तीत लिहिलं होतं की गावात पटकी पसरली आहे, लोक मढ्याला हात लावायला तयार नाहीत, आणि जी पंचवीसेक पोरं आपणहून हे काम करत आहेत त्यांच्या घरात चूल पेटत नाही.

पटकीतल्या पोरांना ज्वारी दिली म्हणून मी एका मेलेल्या माणसाला देशद्रोही करून टाकलं होतं. तेही नियम पाळून.

मी समितीपुढे शुद्धिपत्र ठेवलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, म्हणजे तुम्ही चुकलात?"

"हो."

"लेखी?"

"लेखी."

"तीस वर्षं न्यायालयात काढली मी," ते म्हणाले, "मुतर्जिमानं चूक लेखी दिलेली प्रथमच पाहतो आहे." मला वाटलं कौतुक करताहेत. त्यांनी माझ्या सेवापुस्तकात ताशेरा मारला. तो तिथं योग्यच होता.

दादाराव पेढे घेऊन आले. मी ते कचेरीत सगळ्यांना वाटले. मला एकही गिळवला नाही.

आता अध्यक्ष म्हणाले की कलंक पुसला गेला, पण निष्कलंक म्हणायला काही चांगलंही पुढे यायला हवं. दादारावांनी शहागंजच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या खातूनबींना आणलं. त्या मूळच्या देवगाव रंगारीजवळच्या, घर रंगाऱ्यांचं. नवरा वारलेला, आता शहरात दुपट्टे रंगवून देत. हात कोपरापर्यंत निळे. बोलणं सगळं दख्खनीत, म्हणजे इकडच्या उर्दू बोलीत. पुण्याकडच्या अध्यक्षांना त्यातलं "अण्णा" एवढंच कळत होतं, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी लिहून घेत गेले.

त्यांनी सांगितलं ते असं. पोलीस ॲक्शननंतर शेजारच्या गावांतून टोळकी यायला लागली. अण्णासाहेबांनी खातूनबींच्या घरची अकरा माणसं आपल्या पेवात लपवायचं ठरवलं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा, वर अरुंद तोंड. अडचण अशी की पेव भरलेलं होतं.

मी लिहिता लिहिता थांबले. कारण अण्णासाहेबांचे लेव्हीच्या काळातले अर्ज मीच भाषांतरित केले होते. ओळीनं दर वर्षी त्यांनी सरकारला लिहून दिलं होतं की माझं पेव रिकामं असून त्यात पालसुद्धा राहत नाही. गावातली घरं अर्धपोटी होती तेव्हा.

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या! भर दुपार कू निकाले ना ज्वारी। आंगन में इत्ता ढेर!" खातूनबींनी निळे हात छतापर्यंत नेले. "पूरा गाँव देखने आया। लोगाँ बोले, अण्णा, तू तो बोलता था एक दाना नै। अण्णा बोले, उचला. ज्याला जितकी न्यायची तितकी न्या, आन् पेवात काय चाललंय ते इचारू नका।"

म्हणजे माणसं वाचवायची तर आपली चोरी चव्हाट्यावर मांडावी लागणार होती. त्यांनी ती मांडली. गावानं ज्वारी नेली आणि तोंड मिटलं. आठ दिवस. पेवातली हवा कोंदते म्हणून रोज पहाटे झाकण उघडायचे. अण्णासाहेबांची बायको दोरीनं भाकरी खाली सोडायची.

"अण्णा ऊपर से पूछते, जिते हैं क्या? मैं बोली, हौ अण्णा, पर तुमारे ज्वारी के कीडे बहुत काट रहे। तो बोले, उनकू भी लेव्ही देने की थी।"

दादारावांनी डोळे पुसले. अध्यक्षांनी पेन उचललं. आणि खातूनबी दादारावांकडे वळून म्हणाल्या, "और मेरी देग?"

देग म्हणजे तांब्याचं प्रचंड भांडं. त्यात कापड रंगवायचं. पेवात उतरताना ती अण्णासाहेबांच्या ओसरीवर ठेवली होती. आठ दिवसांनी हे लोक शहरात निघून गेले आणि देग तिथंच राहिली. पुढे मागायला आल्या तेव्हा अण्णासाहेब म्हणाले, लेकीचं लग्न होऊ दे, मग देतो आणून. लेकीच्या लग्नाचा भात तीत शिजला. मग पोळा होऊ दे. मग निवडणूक होऊ दे. नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत. असं करत करत वारले. देग नाही म्हणून खातूनबींचा नवरा मोठी कामं घेऊ शकला नाही, दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी करत गेला.

"लिखो," त्या मला म्हणाल्या. "पेव भी लिखो, देग भी लिखो। एक लिखना है तो नक्को लिखो, मैं चली घर कू।"

"काय म्हणाल्या त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"लेखी देते," मी म्हटलं.

व्हरांड्यात दादारावांनी मला गाठलं. "बाई, आमच्या अण्णाला तुमी एकदा फुकट काळं फासलं. म्या काय बोललो का?"

"नाही."

"पेढे आनले."

"आणलेत."

"मंग आता एक वाक्य गाळा. येकच. त्या देगीचं. कुनाला कळनार हाय? म्हातारीला मराठी वाचता येत नाय, अन् सायबाला तिचं कळत नाय."

खरं सांगते, मला त्यांना नाही म्हणता आलं नाही. पाहू, म्हणाले. घरी आल्यावर मी दोन मसुदे केले, एक देगीसकट आणि एक देगीशिवाय. देगीशिवायचा फार सुंदर होता. त्यात चोरून ठेवलेली ज्वारीसुद्धा शोभून दिसत होती. एका पानात बसत होता. तुमचा बाबा मांडीवर होता आणि मी एका हातानं दोन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. मग लक्षात आलं की पहिल्या वेळी मी एक शब्द न उघडता तसाच ठेवला होता, आणि आता एक वाक्य झाकून ठेवायचं होतं. दोन्ही वेळा मला कमी काम पडत होतं. जिथं मुतर्जिमाला कमी काम पडतं तिथं काहीतरी घोटाळा असतो. सुंदर मसुद्याच्या मागच्या बाजूवर मी वाण्याची यादी लिहिली.

पुढच्या बैठकीत मी सगळं वाचलं. दादाराव ताडकन उठले. "देग आमचीच हाय! आमचं नाव हाय तिच्यावर!"

अध्यक्षांना हुरूप आला. "हजर करा."

आपल्याकडे भांड्यावर मालकाचं नाव कोरून घ्यायची चाल आहे. घरात कुठलीही वाटी उलटी केलीत तर कुणाचं तरी नाव सापडेल. ठरल्या दिवशी टेम्पोतून देग आली. चार माणसांनी उतरवली. सोबत अण्णासाहेबांच्या पत्नीही आल्या होत्या, डोईवर पदर घेऊन मागच्या बाकावर बसल्या. देगीवर खरंच नाव होतं, "दादाराव अण्णासाहेब", आणि ते इतकं ताजं होतं की आतलं तांबं नवजात उंदरासारखं गुलाबी दिसत होतं.

"हे कधी कोरलं?" अध्यक्ष.

"जुनंच हाय."

"काठावर पलीकडून काहीतरी आहे," मी म्हटलं. काजळीखाली उर्दू होतं. मी शिपायाला मूठभर ज्वारीचं पीठ आणायला पाठवलं आणि काठावर चोळलं. खाचांत पीठ बसलं, अक्षरं पांढरी उठली, आणि मी तिथंच अडले. भांड्यावर नाव छिन्नीनं टिंब टिंब ठोकून घालतात. सगळं नावच टिंबांचं! ज्या टिंबांवर मी आयुष्यभर भाकरी खाल्ली त्यांचीच रांगोळी समोर, आणि त्यातला नुक्ता कुठला न् अक्षर कुठलं, सांगायची सोय नाही.

"शेख," मी वाचलं. "पुढे... चांद असेल. किंवा दुसरंही काही. खात्रीनं नाही सांगू शकत." ताशेऱ्यानंतर मी अंदाजानं काही बोलायचं सोडलं होतं.

"मंग कशावरून हिचं?" दादाराव म्हणाले.

अध्यक्ष खातूनबींकडे वळले. "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

खातूनबींनी पदर तोंडावर घेतला. मी म्हटलं, "साहेब, त्या नवऱ्याचं नाव घेणार नाहीत. जुनी रीत आहे."

"मृत माणसाचंही नाही?"

"तरीसुद्धा."

"मग खुणेनं सांगा म्हणावं."

खातूनबींनी विचार केला. "वो जो रात कू निकलता।"

"चोर?" अध्यक्ष म्हणाले.

"तौबा!" खातूनबी म्हणाल्या. "ऊपर! ऊपर निकलता। ईद कू सब देखते उसकू।"

"ईदला..." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "शेवया?"

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. अण्णासाहेबांच्या पत्नी होत्या. पदर सावरत पुढे आल्या. "चांद, सायेब. शेख चांद. मी न्हाय का त्याच्या हातची लुगडी नेसले." मग देगीवर हात ठेवून म्हणाल्या, "माज्या लेकीच्या लग्नाचा भात हिच्यात शिजला. कुनाची हाय ते मला तवाबी ठावं व्हतं."

"आई!" दादाराव म्हणाले.

"गप. टेम्पो आनलाच हाय, तर रिकामा कशाला न्यायचा? पोचीव हिच्या घरी."

दोन पावसाळे आम्ही कागद चाळले आणि भाकरी खाली सोडणाऱ्या बाईची साक्ष घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तक्त्यात तसा रकाना नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं, चुकीच्या शब्दापेक्षा जास्त.

त्या दिवशी अध्यक्षांनी चौकोन भरायला घेतला. मग त्यांनी "निष्कलंक" खोडलं, आणि "कलंकित"ही खोडलं. नको ते खोडावे म्हटलं होतं. त्यांना दोन्ही नको होतं. महिन्याभरानं फाइल वरून परत आली: "एक ठेवावे." अध्यक्षांनी लिहिलं: "ठेवण्याजोगे एकही नाही. सोबत मुतर्जिमबाईंचा तरजुमा जोडला आहे. तो पूर्ण वाचावा." आणखी काही महिन्यांनी शाळेला नाव द्यायची मंजुरी आली. तरजुमा कुणी वाचला की फाइलच्या जाडीला घाबरून सही केली, मला माहीत नाही. दादाराव पुढे कधी माझ्याशी बोलले नाहीत. एस.टी.त दिसले की खिडकीबाहेर पाहत.

देग खातूनबींच्या दारातून आत गेली नाही. उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली. दार छोटं होतं. तीन दिवस ती गल्लीत होती आणि तीत एक शेळी बसायला लागली. चौथ्या दिवशी खातूनबी माझ्या कचेरीत आल्या. "बाई, वो स्कूल में रखाव। पोट्ट्याँ पानी पियेंगे। पर नाम नक्को मिटाव।"

"अण्णासाहेबांच्या नावाच्या शाळेत?" मी विचारलं.

"तो क्या हुआ? उनो मेरेकू रखे, मैं उनकू रखती।"

ईरा, तुझ्या कागदावरचा चौकोन लहान होता. पुढच्या वेळी कागदाची मागची बाजू वापर. बाई रागावल्या तर माझं नाव सांग.

मागच्या वर्षी मी तिकडे जाऊन आले. शाळेवर अण्णासाहेबांचं नाव आहे. व्हरांड्यात देग आहे, तिला आता नळाची तोटी बसवली आहे आणि मुली तीतलं पाणी पितात. काठावर एका बाजूला दादारावांचं नाव आहे, दुसऱ्या बाजूला शेख चांद यांचं. ते दुसरं नाव वाचता येणारं त्या शाळेत आज कुणी नाही. ते वाचता येत नाही म्हणून मुली त्याला नक्षी म्हणतात, आणि घासताना तेवढा भाग जपून घासतात.

तुमची,
आजी